शिक्का घेऊन बेंगळुरूला

सन दोन हजार चोवीस, आणि मला चौऱ्याहत्तर पुरी झालेली. या वयात लोक काशीला जातात. मी बेंगळुरूला गेलो, कारण मुलगा तिथं आहे आणि काशीला जेवायला कोण घालणार.

आमचं करंजाळ गाव गडहिंग्लज तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. त्या गावचा मी चौतीस वर्षं पोलीस पाटील होतो. ज्यांना हे काय असतं ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ठाणं तालुक्याला असतं. फौजदार वर्षातून दोन-तीनदा येतो, कोंबडी खातो आणि जातो. बाकीच्या दिवसांत गावातला पोलीस म्हणजे पोलीस पाटील. गणवेश नाही, बंदूक नाही. एक रजिस्टर, एक रबरी शिक्का, आणि गावात कोण आलं, गावातून कोण गेलं याची माहिती. एवढ्यावर गाव शांत ठेवायचं. त्या काळी सहावी पास चालायचा, आणि मी सहावी पासच होतो.

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, म्हणजे सरकारच्या हिशेबानं. माझ्या पुतण्याचा अर्ज असताना त्यांनी कुंभाराच्या संगीताला नेमलं. बी.ए. झालेली, वय तिशीच्या आत. मी प्रांत ऑफिसात लिहून दिलं की रजिस्टर वाळवीनं खाल्लं आणि शिक्का हरवला. दोन्ही माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत होती. लोक पुढंही दाखल्याला माझ्याकडे येत राहिले, मी शिक्का मारून देत राहिलो, आणि एकाही दाखल्याची तक्रार आली नाही. त्यावरून गाव अजून मलाच पाटील मानतं, असं मी समजलो होतो.

तेव्हा बेंगळुरूला निघताना पिशवीत दोन धोतरं, कोरडी चटणी, सुनेसाठी गूळ आणि पायमोज्यात गुंडाळलेला शिक्का. शिक्का कशाला, असं विचारू नका. गावाला जाताना कुणी आपले दात घरी ठेवून जात नाही.

सर्जापूर रोड

मुलाचं अपार्टमेंट सर्जापूर रोडला आहे. आठ इमारती, चौदा-चौदा मजले, आणि इमारतींची नावं परदेशातल्या फुलांची. गेटवर रखवालदारानं मला थांबवलं. नाव काय, कुणाकडे, किती वाजता बाहेर पडणार, सगळं विचारलं. माझा फोटो काढला. मुलाच्या मोबाईलवर आकडा आला, तो सांगितल्यावर आडवी दांडी वर गेली. मला बरं वाटलं. म्हटलं, हद्द चांगली राखली आहे.

वर गेल्यावर सुनीलला, म्हणजे मुलाला, विचारलं की समोरच्या दारात कोण राहतं. तो म्हणाला, दिल्लीचे असावेत बहुतेक. सात वर्षं राहतोय तो तिथं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोपी घातली आणि इथल्या पाटलाला वर्दी देऊन येतो म्हणून निघालो. आमच्याकडे रीत अशी की परगावचा माणूस मुक्कामाला आला की त्याची वर्दी पाटलाला द्यायची. चौतीस वर्षं मी लोकांच्या वर्द्या घेतल्या. आता परका मी होतो. सून म्हणाली, "आबा, गेटवर फोटो काढलाय की तुमचा." मी म्हटलं, फोटो म्हणजे वर्दी नव्हे. फोटोला कुणी विचारत नाही, तब्येत कशी आहे.

अपार्टमेंटच्या मागं तळं आहे आणि तळ्याच्या पलीकडं खरं गाव. कौलारू घरं, शेण सारवलेलं एखादं अंगण, मारुतीचं देऊळ, आणि पिंपळाला दगडी पार. पाराला ते अश्वत्थकट्टा म्हणतात. आमच्या आणि त्यांच्या पारात फरक एवढाच, की त्यांच्या पारावर नागाचे दगड उभे असतात आणि आमच्या पारावर माणसं. मी संकेश्वरच्या बाजारात शिकलेल्या कानडीत पोलीस पाटलाचं घर विचारलं. पाराशेजारी खानावळ चालवणाऱ्या अक्कानं माझी कानडी ऐकून आधी हसून घेतलं, मग म्हणाली की असला कुणी इथं नसतो, पण बीटचा पोलीस येईल, स्वल्प बसा. स्वल्प म्हणजे थोडं. ते थोडं दीड तासाचं निघालं.

तेवढ्यात तिनं मला जेवायला वाढलं. रागी मुद्दे म्हणजे नाचणीच्या पिठाचा हातात न मावणारा गोळा, वाफाळता, सोबत पातळ सारू. मी भाकरीसारखा चावायला गेलो. गोळा दातांना चिकटला, टाळ्याला चिकटला, आणि माझी वरची कवळी त्याच्याबरोबर बाहेर आली. आजूबाजूच्या चौघांनी दुसरीकडे पाहिलं, हा त्यांचा चांगुलपणा. अक्कानं हाताच्या खुणेनं दाखवलं, चावायचं नाही, सारूत बुडवून गिळायचं. चौऱ्याहत्तर वर्षं जे तोंडात आलं ते चावल्याशिवाय मी सोडलं नव्हतं. गिळायला त्या दिवशी शिकलो. पुढं उपयोगी पडलं.

बीटचा पोलीस मोटरसायकलवरून आला. चाळिशीचा, जाड मिशा. नाव बसवराज. मी तोंड उघडताच मराठीत बोलायला लागला, कारण गडी चिकोडीकडचा. मी म्हटलं, परगावचा माणूस आहे, वर्दी द्यायला आलोय. तो गाडीवरून उतरला आणि माझ्याकडे बघत राहिला.

"अज्जा, बारा वर्षं झाली नोकरीला. स्वतःहून वर्दी द्यायला आलेले तुम्ही पयले."

त्यानं खिशातून डायरी काढली आणि रीतसर लिहून घेतलं. शंकर रामा चौगुले, राहणार करंजाळ, मुलाकडे पंधरा दिवस. मग विचारलं, हुद्दा? मी म्हटलं, पोलीस पाटील. त्यानं लिहिलं आणि मला नीट नमस्कार केला. 'माजी' हा एक शब्द राहिला. तोंडातून निघाला नाही म्हणा, किंवा काढला नाही म्हणा.

आम्ही दोन कॉफ्या घेतल्या. तिथली कॉफी वाटीएवढ्या पेल्यात मिळते, पण पिणाऱ्याला घाई नसते. बसवराजचं ठाणं ग्रामीण पोलिसांचं. शहर त्याच्या हद्दीत घुसलं, ठाण्याचं नाव तेवढं ग्रामीण राहिलं. प्रत्येक शिपायाला गावं वाटून दिलेली, त्याला बीट म्हणतात. त्याच्या बीटात तीन गावं आणि सात अपार्टमेंट. गावात कुणाची गाय व्याली इथपासून कुणाचा जावई दारू पितो इथपर्यंत त्याला ठाऊक. अपार्टमेंटचं विचारल्यावर म्हणाला, "तिथं गेटापर्यंतच मी पोलीस. गणवेशात उभा असतो आणि रखवालदार विचारतो, सर, कुणाकडं आलायसा, ओटीपी सांगा."

रत्नाबाईची भाकरी

सुनीलकडे स्वयंपाकाला एक बाई येते. पहिले दोन दिवस ती डोकीवर पदर घेऊन पाठमोरीच काम करत होती. तिसऱ्या दिवशी ताटात जोंधळ्याची भाकरी आली. पातळ, दोन्ही पापुद्रे सुटलेले, कडेला जराही चीर नाही. असली भाकरी आमच्याच भागात होते. मी विचारलं, बाई, कुठल्या गावच्या?

ती वळली. "तुमच्याच की, पाटील. म्हादूची रत्ना मी."

ज्यांना म्हादू ठाऊक नाही त्यांना आता सांगणं आलं. वीस-बावीस वर्षांपूर्वी गावातल्या एका विहिरीवरची मोटर चोरीला गेली. म्हादू त्या विहिरीच्या रानात मजुरीला होता. मी रजिस्टरात लाल शाईनं लिहिलं, म्हादू, संशयित. पोलिसांनी त्याला अकरा दिवस ठेवलं. दोन महिन्यांनी मोटरा चोरणारी टोळी दुसऱ्या तालुक्यात सापडली, आमच्या मोटरीसकट. म्हादूचा काही संबंध नाही असा कागद ठाण्यातून माझ्याकडे आला. तो मी रजिस्टरात चढवला नाही. मी लिहिलेलं चुकलं, हे मीच कसं लिहायचं. मग असं झालं, की नवा फौजदार आला की पहिल्यांदा रजिस्टर उघडी, लाल शाई बघी, आणि गावात कोंबडी हरवली तरी म्हादूला बोलावणं जाई. तीन-चार वर्षांत ती दोघं गाव सोडून गेली. मी गाव शांत झालं म्हणून रजिस्टर मिटलं.

"तुमच्या लाल शाईनं आम्हांस्नी बेंगळुरू दाखवलं," रत्नाबाई म्हणाली. आवाज चढवून नव्हे. भाकरी थापता थापता. म्हादू इथं बांधकामावर होता, सहा वर्षांमागं वारला. ती चार घरांत स्वयंपाक करून राहते.

आता ती चार घरं जायची वेळ आली होती. कुणाच्या तरी फ्लॅटमधून काहीतरी गेलं, आणि असोसिएशननं नोटीस लावली की घरकामाला येणाऱ्या प्रत्येकानं मूळ गावच्या पोलिसांचा दाखला आणायचा आणि बीटच्या पोलिसाकडून तपासून घ्यायचा. येत्या रविवारपर्यंत दाखला नसेल त्याचा गेटचा पास बंद. रत्नाबाई गावाकडे दाखला मागत नव्हती. का मागत नव्हती ते मला सांगायची गरज नव्हती.

सुनील म्हणाला, "आबा, तुम्ही आहातच की. एक शिक्का मारून टाका." त्याला म्हादूचं प्रकरण आठवत नव्हतं. मी म्हटलं, चौकशीशिवाय मी कुणाला दाखला दिलेला नाही. आणि दोन दिवस खरोखर चौकशी केली. ती ज्या घरांत जाते तिथं जाऊन विचारलं, बाई कशी आहे. सगळे म्हणाले, देवमाणूस. सगळ्यांनी तिला घराची किल्ली देऊन ठेवली होती. तिचं आडनाव एकालाही ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी दुपारी मी दाखला लिहिला. सदर बाई माझ्या गावच्या रहिवासी असून त्यांची वर्तणूक चांगली आहे, त्यांच्या घराविरुद्ध माझ्या दप्तरी कोणतीही नोंद नाही. पायमोज्यातून शिक्का काढला, दणका दिला. मला आपलंच कौतुक वाटलं. स्वयंपाकघरात जाऊन तो कागद तिच्यापुढं धरला आणि वाचून दाखवला. तिनं पिठाचे हात पुसले नाहीत.

"मला चांगली म्हणून काय करू, पाटील. माझ्या माणसाला सोडलं हुतं, तेवढं कुटं लिवलंसा?"

मी म्हटलं, ते रजिस्टर वाळवीनं खाल्लं.

"वाळवी बी मोठी शानी. पांढरं खाल्लं आन लाल ठिवलं." एवढं बोलून तिनं तवा पालथा घातला.

पारावर

शनिवारी सकाळी दाखला घेऊन मी बसवराजकडे गेलो. रत्नाबाईला येऊ दिलं नाही. पाटलाचा कागद पाटलानं द्यावा असं म्हणालो, पण खरं कारण तिच्या तोंडाची धास्ती.

बसवराजनं कागद वाचला. शिक्का उन्हात धरून पाहिला. मग म्हणाला की परराज्यातला दाखला आला की तिथल्या ठाण्याला एक फोन करावा लागतो, नियमच आहे, मनाला लावून घेऊ नका. त्यानं आमच्या तालुक्याच्या ठाण्याला फोन लावला. तिथून त्याला एक नंबर मिळाला. तो लावला आणि फोन दोघांच्या मध्ये कट्ट्यावर ठेवला, आवाज मोठा करून. त्याला वाटलं, मला बरं वाटेल.

संगीतानं फोन उचलला. मी शेजारी बसलोय हे तिला ठाऊक नव्हतं. बसवराजनं सांगितलं की म्हादूच्या रत्नाबाईसाठी करंजाळच्या पोलीस पाटलाचा दाखला आलाय, शंकर चौगुले म्हणून सही आहे.

पलीकडं आधी म्हैस ओरडली. मग संगीता म्हणाली, "साहेब, तो कागद परत पाठवू नका. कुणाला दाखवू पण नका. आबांचा कागद गेला की मागनं माझा जातो. नऊ वर्षं असंच चाललंय. लोकांना ठाऊक हाय. आबांचा दाखला मानाचा आणि माझा कामाचा. दोन्ही घेतात."

बसवराज माझ्याकडे बघेना. मी पिंपळाकडे बघत होतो. नऊ वर्षं एकही तक्रार का आली नाही, ते मला अशा तऱ्हेनं परमुलखात, नागाच्या दगडांपुढं कळलं.

"मग या बाईंचा तुमचा दाखला पाठवा की, मॅडम," बसवराज म्हणाला.

"तेच अवघड हाय. ठाण्याच्या यादीत त्यांच्या घरावर संशयाची नोंद दिसते. पुढं ती मिटली का नाही, ते मूळ रजिस्टरातच असणार. ते बघितल्याबिगर मी सही करणार नाही. खोटा कागद मी आबांसाठी सुद्धा देत नाही. आणि ते रजिस्टर तर वाळवीनं खाल्लंय."

ती वाळवी बसवराजच्या समोर बसून कॉफी पीत होती.

फोन बंद झाला. बसवराजनं आपली डायरी काढली, आठवड्यामागचं पान उलटलं आणि पेन माझ्या नावावर टेकवलं. "अज्जा, हे 'पोलीस पाटील' खोडू का ठेवू?"

मी म्हटलं, "सरकारी वहीत खोडायचं नसतं. चुकलं तर पुढं दुसरी ओळ लिहायची. पुढं 'माजी' लिहा." चौतीस वर्षं मी कोतवालाला हेच शिकवत होतो.

त्यानं लिहिलं. मग म्हणाला, गेटवर सांगून रत्नाबाईचा पास आठ दिवस चालू ठेवायला लावतो, त्यापुढं त्याच्या हातात काही नाही. मी म्हटलं, आठ दिवस लागणार नाहीत. रजिस्टर कुठं आहे हे त्यानं विचारलं नाही. त्यानं ओळखलं होतं असं वाटतं. चांगला पोलीस आहे, शिकलाय माझ्यापेक्षा जास्त आणि बोलतो माझ्यापेक्षा कमी.

त्याच दिवशी मी सुनीलला सांगितलं, रविवारच्या गाडीनं जातो. सून म्हणाली, पंधरा दिवसांचं ठरलं होतं, आमचं काही चुकलं का. मी म्हटलं, तुमचं नाही. एवढं बोलून मी धोतरांच्या घड्या घालायला लागलो. रविवारी रत्नाबाई सुट्टी असून आली आणि वाटेला चार भाकऱ्या बांधून दिल्या. मी म्हटलं, रजिस्टर सापडेल असं वाटतंय. ती म्हणाली, "वाळवीला इचारून बगा." पण लोणच्याची फोड वेगळ्या कागदात बांधली होती, भाकरी ओली होऊ नये म्हणून.

करंजाळ

सोमवारी दुपारी घरी पोचलो. ट्रंक उघडली. रजिस्टराला वाळवीचा एक दातही लागलेला नव्हता. ते पान लगेच सापडलं. लाल शाई फिकट होते म्हणतात. ती चांगल्या दुकानातून आणली होती, जशीच्या तशी होती. पानाच्या आत ठाण्याचा तो कागदही घडी घालून ठेवलेला. फाडला मात्र नव्हता. सरकारी कागद फाडायची सवय मला नाही, दडवायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून मी टोपी घातली, रजिस्टर, शिक्का आणि शाईचं पॅड फडक्यात बांधलं आणि संगीताच्या घरी निघालो. तिचं घर माझ्यापासून पाचवं. नऊ वर्षं मी देवळात जाताना ओढ्याकडून वळसा घेत होतो, तिचा उंबरा वाटेत येऊ नये म्हणून. त्या दिवशी सरळ गेलो. गल्लीतली माणसं दात घासायची थांबली.

ती म्हशीची धार काढून चरवी आत नेत होती. मी चपला बाहेर काढल्या, उंबऱ्याशी उभा राहिलो आणि म्हटलं, "पाटीलबाई, परगावाहून काल आलोय. वर्दी द्यायला आलोय."

तिनं चरवी खाली ठेवली. घोंगडं टाकलं. मी फडकं सोडून सगळं तिच्यापुढं मांडलं. तिनं रजिस्टराकडे पाहिलं आणि वाळवी हा शब्द काढला नाही, हे मी तिचे उपकार समजतो. लाल शाईचं पान आणि ठाण्याचा कागद दोन्ही वाचून तिनं पेन माझ्यापुढं धरलं. "आबा, तुम्हीच लिहा."

मी म्हटलं, "मला अधिकार नाही. मी सांगतो, तुम्ही लिहा."

आणि सांगितलं. म्हादूवरचा संशय खोटा ठरला. तसा ठाण्याचा कागद त्याच वेळी आला होता. तेव्हाच्या पोलीस पाटलानं तो चढवला नाही.

तिचं पेन थांबलं. "हे शेवटचं पण?"

"ते पण."

"तारीख कुठली घालू?"

"आजची घाला."

लाल ओळीखाली निळी ओळ झाली. मग तिनं रत्नाबाईचा दाखला लिहिला, आपला शिक्का मारला, फोटो काढून बसवराजला पाठवला. माझा शिक्का कपाटात ठेवला आणि पावती लिहून दिली. मी उठायला लागलो तर म्हणाली, बसा, तुमची वर्दी राहिलीय. आपली वही काढली. नाव तिला पाठ होतं तरी विचारलं, विचारायचंच असतं. कुठून आलात, विचारलं. तब्येत कशी आहे, विचारलं. मग पेन टेकवून म्हणाली, "हुद्दा?"

मी सांगितलं, रहिवासी लिहा.